हॉट प्रेसमधली निळी टोपी

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. गेल्या डिसेंबरात आयर्लंडमध्ये माझा सख्खा धाकटा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि माझ्या एका शब्दाची वाट बघत होता. त्या क्षणी त्याने हरावं असं मला मनापासून वाटलं. हे मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगितलेलं नाही. भावालाही नाही.

बाकी प्रवास इतका मजेत झाला की आल्यापासून जो भेटेल त्याला मी आयर्लंड ऐकवतो आहे. कडे, हिरवळ, लोकरीचे स्वेटर. ऐकणारे माना डोलावतात. पण मी तिथे कडे बघायला गेलोच नव्हतो. मी अमेरिकन फुटबॉलची एक मॅच बघायला गेलो होतो. पुण्याहून डब्लिनला, टीव्हीवर.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो. सत्त्याण्णव साली मी आणि शिरीष एकाच वेळी अमेरिकेत कामाला होतो आणि एका फ्लॅटमध्ये राहत होतो. त्या गावाचा एक व्यावसायिक संघ होता. शेजारपाजारचे सगळे त्याच्यापायी दर रविवारी दुःखी होत, म्हणून आम्हीही होऊ लागलो. संघाचं नाव इथे लिहीत नाही, कारण घरात आम्ही ते कधी घेतलंच नाही. आम्ही त्याला 'आपले' म्हणायचो. आपले हरले. आपल्यांचा पाय मोडला. त्यांच्याच विभागात एक बलाढ्य संघ होता, त्याचं नाव 'निळे'.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सगळे संघ छोट्या छोट्या विभागांत वाटलेले असतात. प्रत्येक संघ हंगामात सोळा मॅच खेळतो, आणि किती जिंकल्या, किती हरल्या हे दोन आकडे मध्ये रेघ देऊन लिहितात. दहा-सहा म्हणजे झकास. पाच-अकरा म्हणजे आपले. विभागात पहिला येईल त्याला पुढच्या फेरीत हक्काची जागा. शिरीषला आमच्या विभागाचा इतिहास असा पाठ आहे की जणू घरातली वंशावळ सांगतो आहे. कोणत्या वर्षी कोण पहिलं, कोण तळाला, कुणाचा प्रशिक्षक मध्येच पळाला. आम्ही होतो तेव्हा विभागात पाच संघ होते. 'पिवळे' नावाचा एक संघ आमच्याही खाली असायचा आणि त्याचा केवढा आधार वाटायचा. दोन हजार दोन साली सगळ्या विभागांची नव्याने वाटणी झाली, चार-चारचे विभाग झाले आणि पिवळे उचलून दुसरीकडे टाकले गेले. तोवर मी पुण्यात परतलो होतो आणि शिरीष आयर्लंडला, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात. त्याने फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "दादा, आपल्या खाली आता जमीनच आहे."

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी त्याचा फोन. आदल्या दिवशी आपले कसे हरले, याचा तो सुतक पाळल्यासारखा वृत्तांत देई. मी अरेरे म्हणायचो. हंगाम संपला की तो आकडे सांगायचा. मग आम्ही दोघं पुढच्या वर्षीची आशा करायचो.

आता दुसरी गोष्ट, जी आयर्लंडमध्ये उघडी पडली. दोन हजार तीनपासून मी निळ्यांचा होतो. गुपचूप. ते वर्ष मला कारखान्यात वाईट गेलं. माझ्या हाताखालून गेलेला माणूस माझ्या डोक्यावर आला. सोमवारी सकाळी भोसरीला पोचल्यावर जगात कुठेतरी आपण जिंकलोय असं वाटायला हवं होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर निकाल बघताना एकदा निळ्यांचा आकडा पाहिला आणि छातीत जरा ऊब आली. मग दर आठवड्याला. मग अमेरिकेहून येणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यांची टोपीसुद्धा मागवली. फोनवर मात्र अरेरे चालूच.

गेल्या वर्षी नवल घडलं. शेवटच्या रविवारपर्यंत आले तेव्हा आपले आणि निळे दोघंही नऊ-सहा होते आणि शेवटची मॅच एकमेकांशी होती. जो जिंकेल त्याचा विभाग. आपल्यांनी विभाग जिंकला होता तो आम्ही अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी. मॅच निर्णायक ठरणार अशी चिन्हं नोव्हेंबरातच दिसू लागली, तेव्हा शिरीषने मला न विचारता तिकिटाची चौकशी केली. मुलीच्या बारावीमुळे सुनंदाला हलता येत नव्हतं. ती म्हणाली, "जाऊन या एकटे. भावाकडे जायला कारण कशाला लागतं?" कारण होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

ओंगार

विमानतळावर मी पोचलो, बॅग पोचली नाही. शिरीषला याचाच आनंद झाला, कारण त्याला मला तडक आपल्यांची जर्सी घालता आली. माझ्या मापाची त्याने घेऊनच ठेवली होती. पोटावर जरा ताणली गेली. शिरीष दोन पावलं मागे सरून बघत म्हणाला, "बसतेय की. श्वास फक्त वरवर घे."

ओंगार म्हणजे डब्लिनच्या पश्चिमेला नवी वसवलेली वस्ती. एकसारखी घरं, एकसारखी दारं. पहिल्या दिवशी फिरून आलो आणि भलत्याच घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी माझी अडचण न विचारताच ओळखली आणि बोटाने दोन घरं पलीकडे दाखवलं. इथले सगळे आपापल्या घरी असेच पोचत असावेत. सकाळ साडेआठच्या पुढे उजाडते आणि चार वाजता माणसं दिवे लावतात. मधल्या वेळात ऊन पडलं तर शेजारी एकमेकांना बातमी दिल्यासारखं सांगतात.

शिरीषची बायको मंजिरी ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमध्ये प्रयोगशाळेत आहे. मूळची नागपूरची, बोलायला मोकळी आणि नजरेने तेज. मुलगी इरा नऊ वर्षांची. मी मराठीत विचारावं, तिने आयरिश हेलाच्या इंग्रजीत उत्तर द्यावं, आणि दोघांनाही आपणच बरोबर बोलतोय असं वाटावं. जेवलीस का म्हटलं तर ती म्हणे, "ग्रँड." शाळा कशी आहे? ग्रँड. माझी दाढी टोचते का? तेही ग्रँड.

नाताळच्या आदल्या दिवशी मी शिरीषबरोबर कालव्याच्या काठाने लिक्सलिपच्या दिशेला चालत गेलो. पाणी काळं आणि स्तब्ध, त्यात बदकं आणि उलटी झाडं. शिरीष चालता चालता एकोणीसशे सत्तरच्या दशकातला विभाग सांगत होता. मी हो म्हणत होतो. परतलो तेव्हा बॅग घरी येऊन पडली होती, आणि मंजिरीने ती रिकामी करून सगळे कपडे धुवायला लावले होते. पाहुण्याचे कपडे प्रवासातून आले की आधी मशीनमध्ये. आपल्या घरांमध्ये याला प्रेम म्हणतात, आणि या प्रेमाला खिसे तपासायची सवय असते.

मला ओट्याशी बोलावून तिने आवाज खाली आणला. "दादा, तुमच्या जाकिटाच्या आतल्या खिशात टोपी निघाली. निळी."

मी ओट्यावरची वाटी उगाच सरकवली.

"कुणाला भेट द्यायची आहे का?"

खोटं बोलायला ती मला दार उघडून देत होती. पण टोपीच्या कडेला माझ्या डोक्याचं तेल बसलेलं होतं. मी म्हटलं, "नाही. माझी आहे."

तिने कढईतली भाजी परतली. मग विचारलं, किती दिवसांपासून. मी सांगितलं. ती जराशी हसली, पण लगेच आवरलं. शिरीषने ही मॅच तुमच्याबरोबर बघायची म्हणून महिनाभर आधीच सुट्टी टाकली आहे, असं म्हणाली. "रविवारपर्यंत तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही. पण टोपी मी धुतली आहे, ती हॉट प्रेसमध्ये वाळतेय."

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. त्यात टॉवेल ठेवतात, म्हणजे ते ऊबदार राहतात. थंडीच्या देशात इतकी सुखाची सोय मी दुसरी पाहिली नाही. शिरीष ते कधी उघडत नाही, त्याला टॉवेल मंजिरीच काढून देते. फक्त दर सकाळी अंघोळीला जाताना मी ते कपाट उघडायचो आणि टॉवेलांच्या वर, नीट आकारात बसवलेली माझी टोपी माझ्याकडे बघायची. छान गरम.

त्या संध्याकाळी इराने खिडकीत मेणबत्ती लावली. नाताळच्या आदल्या रात्री वाट चुकलेल्या कुणाला घर सापडावं म्हणून इथे लावतात. आपण आकाशकंदील उंच टांगतो, तो आपल्या घराची शोभा म्हणून. ही मेणबत्ती बाहेरच्यासाठी. मी काचेसमोर बराच वेळ उभा राहिलो. शिरीषला वाटलं, मला घरची आठवण आली. त्याने माझ्या हातात फ्रूट केकचा जाड तुकडा दिला.

समुद्र, आणि नंतर लापशी

नाताळच्या दिवशी बस नाही, रेल्वे नाही, दुकान नाही. सगळा देश दार लावून जेवत असतो. अपवाद फक्त त्या लोकांचा, जे सकाळी समुद्रात उड्या मारतात. शिरीषचा कारखान्यातला मित्र डेक्लन आम्हाला गाडीतून सँडीकोव्हला घेऊन गेला. डेक्लन चाळिशीचा, मान जवळजवळ नसलेला, हसला की खांदे हलतात. तो हौशी मंडळींच्या एका संघात अमेरिकन फुटबॉल खेळायचा, आता गुडघ्यामुळे शिकवतो. शिरीष मला दादा म्हणतो, म्हणून तेच माझं नाव असा त्याचा समज, आणि मी तो मोडला नाही.

खडकांवर म्हाताऱ्या बायका, पोरं, सांताची टोपी घातलेला एक पाद्रीसारखा दिसणारा गृहस्थ, सगळे हाडं गोठवणाऱ्या पाण्यात हसत उतरत होते. आपल्याकडे कार्तिकस्नानाला पहाटे उठणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पुण्य दिसतं. इथे नुसता खोडकरपणा. डेक्लनने विचारलं, दादा उतरणार का? मी पाय बुडवले. मग कुणीतरी मागून धक्का दिला. शिरीष शपथेवर सांगतो की तो नव्हता.

पाण्यात पडल्यावर माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला भाषा नव्हती. बाहेर आलो तेव्हा एका अनोळखी आजीबाईंनी मला स्वतःच्या टॉवेलात गुंडाळलं आणि थर्मासमधला चहा पाजला. घरी येऊन मंजिरीने तूप-वेलची घातलेली लापशी पुढे ठेवली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. म्हटलं, आता सांगतो. शिरीषकडे वळलो. तो इराला समजावत होता, की आपले किक मारतील तेव्हा काका कसे सांगतात ते रविवारी बघ.

तो आमच्या घरचा नियम सांगत होता. या खेळात चेंडू पुढे नेता आला नाही की एक किक मारतात. चेंडू दोन उंच खांबांमधून गेला तर तीन गुण. शिरीषला ती किक बघवत नाही. अमेरिकेतल्या फ्लॅटमध्ये किक आली की तो टीव्हीचा आवाज बंद करायचा, भिंतीकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, "दादा, बघ." मी बघायचो आणि सांगायचो. माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तो वळायचा नाही. मी गेल्यापासून तो काय करतो, असं मी विचारलं. मंजिरी म्हणाली, "किक आली की बाहेर अंगणात जाऊन उभे राहतात. पावसात सुद्धा. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर विश्वास नाही म्हणे."

मी लापशी खाल्ली. सांगायचं राहिलं.

मेयो

दोन दिवसांनी डेक्लन आम्हा सगळ्यांना त्याच्या आईकडे, पश्चिमेला मेयोला घेऊन गेला. डब्लिन सोडलं की देश हळूहळू अंग पसरतो. दगडी बांधांची शेतं, मग बांधच जास्त आणि शेत कमी, मग तपकिरी दलदल, आणि आभाळ इतकं खाली की हात वर केला तर ओला व्हावा. एके ठिकाणी चांगल्या दिसणाऱ्या गवतावर मी पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय निघाला, बूट राहिला. डेक्लनने पालथं पडून, खांद्यापर्यंत हात घालून तो काढला, आणि एखादा नवजात जीव असावा तसा माझ्या हातात दिला.

डेक्लनची आई नोरा सत्तरीच्या पुढची. मला तिच्या दिवंगत नवऱ्याचे गमबूट मिळाले. चहा घेणार का, असं तिने विचारलं. मी पुणेरी सवयीने नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, चहा ओतला. डेक्लनने सांगितलं की इथेही पहिला नकार कुणी मोजत नाही. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सोबत सोडा घातलेला गरम पाव, त्यावर बोटभर लोणी, आणि शेगडीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळत असल्याचा वास.

भिंतीवर मेयोचा लाल-हिरवा झेंडा होता. तिथल्या देशी फुटबॉलमध्ये एक काऊंटी, म्हणजे जिल्हा, दुसऱ्या काऊंटीशी खेळते आणि खेळाडूला पैसे मिळत नाहीत. मेयोने शेवटचा चषक जिंकला तेव्हा नोरा शाळेत होती. त्यानंतर कितीदा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरले, हे ती बोटांवर सांगू लागली आणि शिरीष इतक्या आपुलकीने ऐकत होता की वाटलं, दोघांचं दुरून नातं निघेल. त्याने तिला आपल्यांचा इतिहास सांगितला. पिवळे दुसऱ्या विभागात गेले तिथे नोराने हळहळून मान हलवली.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की मग इतक्या वेळा हरल्यावर कुणी दुसऱ्या काऊंटीचा होत नाही का?

ती माझ्याकडे, मी तिच्या नवऱ्याच्या बुटांत काही केलंय असं बघू लागली. मग तिने एका शेजाऱ्याच्या मुलाची गोष्ट सांगितली. लग्न करून तो शेजारच्या काऊंटीत गेला आणि एका सामन्याला त्यांच्या रंगाचा स्कार्फ घालून आला. गावात कुणी त्याला काही बोललं नाही. त्याच्या आईनेही नाही. फक्त पुढच्या रविवारी तो जेवायला आला तेव्हा तिने त्याला पाहुण्यांची बशी दिली. चांगली, फुलाफुलांची. "त्याला सगळं समजलं," नोरा म्हणाली.

मंजिरीने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. तिच्या समोर पावाची ताटली होती, ती तिने माझ्याकडे सरकवली. ताटली फुलाफुलांची होती.

परतीच्या वाटेवर सूर्य समुद्रात न जाता ढगात गेला. मागच्या सीटवर इरा माझ्या खांद्यावर झोपली. पुढे शिरीष आणि डेक्लन रविवारचे डावपेच आखत होते आणि अधूनमधून एखादं जुनं गाणं चुकीच्या चालीत म्हणत होते. मी फार सुखात होतो. हे सांगायला हवं. गुन्हेगार माणूसही लोणी लावलेला पाव आवडीने खातो.

रविवार

वर्षाचा शेवटचा दिवस रविवारीच आला होता. डेक्लनच्या क्लबची एक खोली आहे लिक्सलिपजवळ. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जुन्या विजेत्यांचे फोटो, एक मोठा टीव्ही आणि अर्ध्या खोलीलाच पुरणारा हीटर. मॅच संध्याकाळी सहाची. डेक्लनचे चार-पाच खेळाडू आले होते, सगळे आमच्या बाजूचे, कारण शिरीषने महिनाभर त्यांना इतिहास ऐकवून वश केलं होतं. मंजिरीने साबुदाणा वड्यांचा डबा आणला. पहिला वडा खाल्ल्यावर एका दांडग्या गड्याने डबाच मांडीवर घेतला.

त्या सकाळी मी हॉट प्रेस उघडलं तेव्हा टोपी तिथे नव्हती. मला वाटलं, मंजिरीला माझी दया आली.

टीव्हीवर बर्फ पडत होतं. पहिली किक आली. शिरीष उठला, आवाज बंद केला, भिंतीकडे वळला. डेक्लनने सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. हे त्यांना आधीच शिकवलेलं असणार, कारण एवढाले गडी देवळात असल्यासारखे बसले. "दादा, बघ." चेंडू गेला. मी म्हटलं, "गेला." तो वळला आणि मग खोलीभर आरडाओरडा. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला अंगणात जावं लागलं नव्हतं. त्याने माझ्या पाठीत थाप मारली. त्यात पूर्ण भरवसा होता आणि ती मला लागली.

मग चारपैकी दुसऱ्या सत्रात आपल्यांनी चेंडू फेकला, तो मधल्या मध्ये निळ्यांच्या एका पोराने पकडला, आणि धावत सुटला. समोर कुणी नव्हतं. मैदान संपेपर्यंत धावला. आणि मी उभा होतो. दोन्ही हात वर. आपल्यांची ताणलेली जर्सी अंगात, आणि तोंडातून एक अस्सल "शाब्बास".

आधी अंग उठलं होतं. मला कळलं ते नंतर.

शिरीष खालून माझ्याकडे बघत होता. मी हात खाली घेतले, पण बसलो नाही.

"शिरीष, मी निळ्यांचा आहे," मी म्हटलं. "चार हंगाम झाले."

"कुठले चार?"

"दोन हजार तीनपासून."

तो मनात आकडे लावत होता. त्याच्या डोक्यात प्रत्येक वर्षाचा रकाना आहे. "दोन हजार तीनला आपले तीन-तेरा होते," तो म्हणाला. "शेवटच्या मॅचनंतर मी तुला फोन केला. मी रडलो होतो, दादा."

"हो."

"तेव्हा तू…"

"तेव्हा मी जिंकलो होतो."

मी सगळं सांगितलं. कारखान्यातलं ते वर्ष, सोमवारची सकाळ, ती छातीतली ऊब. माझ्या स्वतःच्या घरातही मी असा सलग कधी बोललेलो नाही. डेक्लनला एवढंच कळत होतं की काहीतरी गंभीर आहे. त्याने विचारलं, शिरीषने दोन वाक्यांत इंग्रजीत सांगितलं. तो दांडगा गडी वड्याचा डबा माझ्यापासून लांब घेऊन बसला. डेक्लन म्हणाला, "म्हणजे हा तुझा भाऊ, इतकी वर्षं निळा?" आणि लांब शीळ घातली.

शिरीष उठला. मला वाटलं, बाहेर जातोय. पण त्याने माझी खुर्ची उचलली, हीटरपासून लांब, दाराजवळच्या थंड कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"दादा, तू उगाच कारखान्यात गेलास," तो म्हणाला. "विधानसभेत गेला असतास तर आतापर्यंत मंत्री झाला असतास."

मंजिरी आधी हसली. मग शिरीषच्या ओठांचा कोपरा हलला. मंजिरीने पर्स उघडली, निळी टोपी काढली, आणि कोपऱ्यात येऊन माझ्या डोक्यावर बसवली. अजून हॉट प्रेसची ऊब होती तिच्यात, की मलाच तसं वाटलं. इराने आपल्या आयरिश इंग्रजीत जाहीर केलं की काका आता शत्रू आहेत, आणि तरीही मध्यंतरात मला एक वडा आणून दिला. बशीत. मी बशी नीट बघितली. कागदाची होती.

उरलेली मॅच मी दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यात बघितली. शिरीषने वळून पाहिलं नाही. अगदी शेवटी आपले दोन गुणांनी मागे होते आणि घड्याळात तीन सेकंद. किक. लांबची, बर्फातली. गेली तर विभाग आपला, चुकली तर निळ्यांचा.

शिरीषने आवाज बंद केला. दाराकडे एक पाऊल टाकलं. दाराजवळ मी होतो. तो थांबला. मग भिंतीकडे तोंड केलं.

"दादा, बघ."

डेक्लनने ओठांवर बोट ठेवलं, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले, टीव्हीकडे नाही. मी टीव्हीकडे बघत होतो. चेंडू उठला. तो हवेत होता तेव्हाच मी ते मागितलं, जे सुरुवातीला लिहिलं आहे. चुकू दे, म्हटलं. भावाची पाठ समोर दिसत असताना. चेंडू डावीकडे झुकला, खांबाच्या आतल्या बाजूने घासल्यासारखा गेला. आत.

"गेला," मी म्हटलं.

शिरीष वळला नाही. आजवर हा शब्द ऐकला की तो वळायचा.

"खरं?" भिंतीकडे बघतच त्याने विचारलं.

मी टोपी काढून हातात घेतली. "खरं. विभाग आपला झाला, शिरीष."

तो वळला. पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. डेक्लन गुडघा विसरून नाचत होता, खुर्च्या पडत होत्या, इरा कुणाच्या तरी खांद्यावर होती आणि साबुदाणा छतापर्यंत उडाला होता. मीही ओरडत होतो. ते ओरडणं खोटं नव्हतं, आणि आधीचं मागणं खोटं नव्हतं. दोन्ही एकाच छातीतून निघालं, याचा मला अजून उलगडा होत नाही. शिरीषने सगळ्यांना मिठ्या मारल्या. सगळ्यात शेवटी माझ्याकडे आला, माझ्या हातातली टोपी घेतली आणि परत माझ्या डोक्यावर ठेवली.

"आज राहू दे," तो म्हणाला. "विभागाचा विजेता आहे मी. एक निळा पाहुणा परवडतो मला. पण उद्यापासून चार हंगाम तू आपल्यांबरोबर काढायचे. हरले तरी. हरले तर विशेष."

मी कबूल झालो. घरी जाताना त्याने गाडीत मला पुढची सीट दिली आणि नव्वद साली विभागात काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.

पुणे

टोपी मी ओंगारच्या हॉट प्रेसमध्येच ठेवून आलो. मंजिरी सांगते, इरा ती पावसात घालते.

नव्या हंगामाचा नोव्हेंबर चालू आहे. आपले दोन-सात आहेत, विभागात चौथे, आणि खाली जमीन आहे. निळे पहिले आहेत. सोमवारी सकाळी शिरीषचा फोन येतो, आणि आता माझं अरेरे खरंखुरं असतं. मग तो म्हणतो, ग्रँड, दादा, ग्रँड. पुढच्या वर्षी बघ.

मी शिरीषचे चार हंगाम देणं लागतो. त्यातला पहिला अजून अर्धाच झाला आहे. आणि त्या किकच्या वेळी मी काय मागितलं होतं, ते हे छापून त्याच्या हाती पडण्याआधी त्याला माझ्या तोंडाने सांगणं लागतो. तो फोन मी अजून केलेला नाही.